धातूंच्या ऑक्साइड पावडरी: स्वयंज्वलनाचा धोका कसा तपासायचा आणि किती तापमानाला गोणी भरायची?

पावडरखाते (प्रश्न):

पाच पावडरींचा प्रश्न आहे: लाल आयर्न ऑक्साइड, काळा आयर्न ऑक्साइड (रंगद्रव्याच्या प्रतीचा, कण साधारण ०.२ मायक्रॉन), झिंक ऑक्साइड, मँगनीज मोनॉक्साइड आणि दळलेली मिल स्केल (तापलेलं पोलाद लाटताना सुटणारे ऑक्साइडचे पापुद्रे). पाचही एसडीएसमध्ये (सुरक्षा माहितीपत्रकांत) ‘स्वयंज्वलन तापमान: लागू नाही’ असं एकच वाक्य आहे. ग्राहकाने आता विचारलंय की हे कशाच्या आधारावर लिहिलं.

१. ऑक्साइड म्हणजे आधीच जळून झालेला पदार्थ, तेव्हा चाचणी नको, हा युक्तिवाद चालतो का?
२. चाचणी करायचीच तर कोणती?
३. ड्रायरमधून माल ११० अंश सेल्सिअसला बाहेर येतो आणि थेट १ घनमीटरच्या जंबो बॅगेत जातो. यात धोका आहे का?

उष्मामापी:

तो युक्तिवाद पाचपैकी दोघांना लागू पडतो. लाल आयर्न ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड शुद्ध असतील तर हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांचं काही देणंघेणं उरलेलं नाही. अॅल्युमिना, मॅग्नेशिया, टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिका यांचंही तेच. त्यांच्यासाठी चाचणी न करता कागदावर कारण लिहून देता येतं: धातू सर्वोच्च स्थिर ऑक्सिडेशन अवस्थेत आहे, सेंद्रिय लेप नाही, मोकळा धातू नाही. तिन्ही गोष्टी लिहा आणि शेवटच्या दोन मोजून लिहा. पावडर गुठळू नये म्हणून स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेली प्रत असेल तर ती या सवलतीतून बाद.

बाकी तिघं अर्धवट जळालेली आहेत. किती उष्णता अजून शिल्लक आहे ते निर्मिती-उष्णतेवरून (मूलद्रव्यांपासून तो पदार्थ बनतानाच्या उष्णतेवरून) काढता येतं. हेमॅटाइट (लाल आयर्न ऑक्साइड) उणे ८२४, मॅग्नेटाइट (काळा) उणे १११८, फेरस ऑक्साइड (मिल स्केलमध्ये असतं ते) उणे २७२ किलोज्यूल प्रति मोल धरा. हवेत पूर्ण ऑक्सिडेशन झालं तर दर ग्रॅमला असं निघतं:

काळा आयर्न ऑक्साइड (मॅग्नेटाइट): ०.५१ किलोज्यूल
मँगनीज मोनॉक्साइड: १.१ ते १.३, शेवटी कोणतं ऑक्साइड बनतं त्यावर
फेरस ऑक्साइड: १.९५
मोकळं लोखंड: ७.४

पावडरीची विशिष्ट उष्णता ०.७ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्व्हिन धरली, तर बाहेर काहीच उष्णता गेली नाही असं मानून मॅग्नेटाइट ७०० केल्व्हिनने तापू शकतो. ज्वाळा दिसणार नाही, कारण वायू बाहेर पडत नाही. आतून लाल निखारा होईल, काळी पावडर तांबडी होईल आणि गोणीचं पॉलिप्रॉपिलीन वितळून पेटेल. आग ‘गोणीला’ लागली असं अहवालात लिहिलं जातं ते यामुळेच.

आता भेसळीचं गणित बघा, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. १ टक्का मोकळं लोखंड म्हणजे दर ग्रॅम पावडरीमागे ७४ ज्यूल, म्हणजे साधारण १०० केल्व्हिन. १ टक्का तेल म्हणजे ४२० ज्यूल. म्हणजे नुसतं एक टक्का तेल जवळजवळ अख्ख्या मॅग्नेटाइटइतकी उष्णता घेऊन येतं. मिल स्केलमध्ये रोलिंगचं तेल असतंच, आणि सेटलिंग टाकीच्या तळाच्या बारीक गाळात ते जाड पापुद्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तीन मोजमापं: सॉक्सलेट उपकरणात हेक्झेनने धुऊन काढलेलं तेल, फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवून टायट्रेशनने मोकळं लोखंड, आणि बीईटी पृष्ठफळ (वायू शोषणावरून काढलेलं, दर ग्रॅम पावडरीचं पृष्ठफळ). वर काढली ती उष्णता म्हणजे क्षमता. ती किती वेगाने बाहेर येईल हे पृष्ठफळावर ठरतं. खडबडीत मॅग्नेटाइट खनिज आणि ०.२ मायक्रॉनचं रंगद्रव्य यांची उष्णता एकच, पण वागणूक अगदी वेगळी.

तप्तलोह:

वरच्यात एक भर. ‘आम्ही लोखंड मिसळत नाही, मग मोकळं लोखंड कुठून येणार?’ हा प्रश्न मिल स्केलबाबत हमखास येतो. फेरस ऑक्साइड ५७० अंशांच्या खाली स्थिर नसतं. स्केल सावकाश थंड झाली की ते मोडून मॅग्नेटाइट आणि बारीक लोखंड तयार होतं. बाहेरून कोणी काही घातलेलं नसतं.

आम्ल टाकून हायड्रोजनचे बुडबुडे बघण्याची झटपट पद्धत कामाची आहे, पण एकाच बाजूने. १० ग्रॅम नमुन्यात १ टक्का लोखंड असेल तर साधारण ४४ मिलिलीटर वायू यायला हवा. प्रत्यक्षात कमी येतो, कारण ऑक्साइड विरघळून तयार झालेलं फेरिक लोह मोकळं लोखंड आधीच खाऊन टाकतं. बुडबुडे आले तर लोखंड आहे. नाही आले तर ‘नाही’ असं लिहू नका.

जाळीदार:

प्रश्न २ घेतो. चाचण्या तीन प्रकारच्या आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते.

यूएन एन.२ (धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली चाचणी): हवा लागताच पेटणारा पदार्थ ओळखण्यासाठी. १ ते २ मिलिलीटर पावडर साधारण १ मीटर उंचीवरून न जळणाऱ्या पृष्ठभागावर ओतायची आणि पडताना किंवा स्थिरावल्यावर ५ मिनिटांत पेटते का ते बघायचं. आधीच पेटली नाही तर सहा वेळा. तुमच्या पाचांना याची गरज फक्त ताज्या क्षपण केलेल्या (ऑक्सिजन काढून बनवलेल्या) मँगनीज मोनॉक्साइडसाठी वाटते. कमी तापमानाला क्षपण केलेला माल सच्छिद्र आणि चपळ असतो, जास्त तापमानाला भाजलेला बराच सुस्त.

यूएन एन.४: तुमची मुख्य चाचणी हीच. स्टेनलेस जाळीचा घनाकृती डबा, बाजू १०० मिमी, जाळीचं छिद्र ०.०५ मिमी. डबा काठोकाठ भरायचा, ठोकायचा, खचला की परत भरायचा, वर आलेलं सपाट करायचं. तो बाहेरच्या दुसऱ्या जाळीच्या डब्यात ठेवून हवा फिरणाऱ्या ओव्हनच्या मध्यभागी टांगायचा. ०.३ मिमीचं क्रोमेल-अॅल्युमेल थर्मोकपल नमुन्याच्या केंद्रात, दुसरं डबा आणि ओव्हनची भिंत यांच्यामध्ये. १४० अंश, २४ तास. नमुना पेटला किंवा ओव्हनपेक्षा ६० केल्व्हिनने वर गेला, म्हणजे २०० ओलांडले, तर निकाल धन.

पुढची उतरंड अशी. १०० मिमी १४० ला ऋण आला तर वर्ग ४.२ (आपोआप पेटू शकणारे पदार्थ) मधून बाहेर. धन आला तर २५ मिमीचा डबा १४० ला. तोही धन तर पॅकिंग ग्रुप (वाहतुकीतली धोक्याची श्रेणी) २. २५ मिमी ऋण असेल तर १०० मिमी १२० ला: ऋण आणि पॅकेज ३ घनमीटरपर्यंत असेल तर सूट. तोही धन तर १०० मिमी १०० ला: ऋण आणि पॅकेज ४५० लिटरपर्यंत असेल तर सूट. नाहीतर पॅकिंग ग्रुप ३, आणि सर्वसाधारण अजैविक पदार्थासाठी यूएन ३१९०. कोळशाच्या वायूच्या शुद्धीकरणातून निघालेल्या वापरलेल्या आयर्न ऑक्साइडला मात्र स्वतःचा क्रमांक आहे, यूएन १३७६. त्यात गंधक आणि सल्फाइड असतं, म्हणून ते साध्या लाल ऑक्साइडच्या रांगेत बसवायचं नाही.

ए.१६ (युरोपीय संघाची चाचणी), सापेक्ष स्वयंज्वलन तापमान: २० मिमीचा घन, ओव्हन मिनिटाला अर्धा अंश चढवत ४०० पर्यंत. नमुना स्वतःच्या उष्णतेने ४०० ला पोचला त्या क्षणी ओव्हन किती होता, तो आकडा. नमुन्याने ४०० गाठले नाहीत तर अहवालात ‘नाही’ येतं. मॅग्नेटाइटसारखा पदार्थ मध्ये मोठा फुगवटा दाखवूनही ‘नाही’ मिळवू शकतो. त्यामुळे आलेख मागून घ्या, नुसता निकाल नको. साठवणुकीसाठी या आकड्याचा उपयोग शून्य.

करताना काय बिघडतं:

नमुना ओला असेल तर केंद्र तासन्‌तास १०० अंशांजवळ अडकतं आणि २४ तासांतला बराच वेळ वाळण्यात जातो. आधी नायट्रोजनमध्ये वाळवा, हवेत नव्हे.

पण सगळ्यात मोठी फसवणूक शिळ्या नमुन्याची. हवेत आठवडाभर पडलेली पावडर कणावर ऑक्साइडचा पातळ थर चढवून शांत होते. प्रयोगशाळेत ती ऋण येते, ड्रायरखालची ताजी मात्र तशी नसते. नमुना ड्रायरच्या तोंडाशीच नायट्रोजन भरलेल्या हवाबंद डब्यात घ्या, घेतल्याची वेळ डब्यावर लिहा आणि सर्वांत बारीक बॅचचा घ्या. सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र) किंवा बॅग फिल्टरखालची धूळ वेगळी तपासा, मुख्य मालात मिसळून सरासरी काढू नका.

आणखी एक: ऋण निकालातही केंद्र किती वर गेलं ते नोंदवून घ्या. ओव्हनपेक्षा ४ केल्व्हिन आणि ४५ केल्व्हिन, दोन्ही ‘ऋण’च. डबा फोडून रंगही बघा. काळ्याचा मध्य तपकिरी झाला असेल तर प्रतिक्रिया झालेली आहे, फक्त रेषा ओलांडली नाही.

पावडरखाते:

धन्यवाद. काळा ऑक्साइड एन.४ ला १४० वर ऋण आहे, असा जुना अहवाल सापडला. डीएससीही (नमुना तापवत उष्णता मोजणारी चाचणी) आहे, बंद कुपीत १० मिलिग्रॅम, ४०० पर्यंत काहीच दिसत नाही. मग ११० ला गोणीत भरायला हरकत नसावी ना?

उष्मामापी:

हरकत आहे, दोन्ही कारणांवरून.

डीएससी आधी. ४० मायक्रोलीटरच्या बंद कुपीत ऑक्सिजन फार तर ०.०११ मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅम मॅग्नेटाइट पूर्ण ऑक्सिडाइझ व्हायला ०.३५ मिलिग्रॅम लागतो. म्हणजे गरजेच्या तिसाव्या हिश्श्याइतकीच हवा आत होती. काही दिसलं असतं तरच नवल. ऑक्सिडेशनसाठी उघडी कुपी आणि वाहती हवा हवी. त्यापेक्षा टीजीए (तापवत वजन मोजणारी चाचणी) करा: आधी नायट्रोजनमध्ये १०५ ला वाळवून वजन स्थिर करा, मग हवा सुरू करून चढवा. मॅग्नेटाइट पूर्ण हेमॅटाइट झाला तर वजन ३.५ टक्के वाढतं, फेरस ऑक्साइडला ११.१ टक्के, मोकळ्या लोखंडाला ४३ टक्के. वाढ कुठल्या तापमानाला सुरू होते ते बघा. सरळ हवेत चालवलंत तर पाण्याची घट आणि ऑक्सिजनची वाढ एकमेकांना खाऊन टाकतात आणि रेषा निष्पाप दिसते. एलओआय (तापवल्यावर होणारी वजनातली घट) ऋण येतो, म्हणजे वजन उलट वाढतं, तेव्हा तो चूक म्हणून परत करायला सांगतात. खरं तर तोच इशारा असतो.

आता एन.४. ही वाहतुकीची चाचणी आहे. तिची मांडणी लाकडी कोळशावर बेतलेली आहे: २७ घनमीटरच्या ढिगाला ५० अंशांत काही होऊ नये, एवढंच ती विचारते. ११० ला भरलेल्या गोणीबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

उदाहरणाने दाखवतो. आकडे नमुन्यादाखल घेतलेत, तुमचे तुम्हाला मोजावे लागतील. समजा वेगवेगळ्या तापमानांना डबे ठेवून सीमा सापडली: २५ मिमीचा घन १८० ला निसटतो (म्हणजे स्वतःच्या उष्णतेने बेफाम तापत जातो), १०० मिमीचा १४३ ला. म्हणजे १४० वर एन.४ ऋण. फ्रँक-कामेनेत्स्की मांडणीत (ढिगाचा आकार आणि निसटण्याचं तापमान यांचं नातं सांगणाऱ्या) घनाच्या निम्म्या बाजूला r म्हणायचं, T केल्व्हिनमध्ये, आणि T²/r² चा नैसर्गिक लॉगरिथम १/T विरुद्ध काढायचा. उतार म्हणजे उणे E/R (E सक्रियण ऊर्जा, R वायू-स्थिरांक). इथे E/R साधारण १५,००० केल्व्हिन येतो, म्हणजे सक्रियण ऊर्जा सुमारे १२५ किलोज्यूल प्रति मोल. दोन्हीकडे आकार घनच असल्यामुळे २.५२ हा आकारगुणांक कटतो. तीच रेषा पुढे नेली की:

१ घनमीटरची एक गोणी: ९३ अंश
आठ गोण्यांची चिकटून थप्पी, २ मीटरचा घन: ८१ अंश
२७ घनमीटरचा ढीग: ७४ अंश

वाहतुकीच्या निकषात हा माल आरामात बसतो, ७४ हे ५० च्या वरच आहे. आणि तोच माल ११० ला गोणीत गेला तर सीमेच्या १७ अंश वर आहे.

कोणी म्हणेल की बाहेर ३० अंश आहे, गोणी थंड होईल. होईल, पण सावकाश. पावडर उष्णतेची वाईट वाहक. १ घनमीटर गोणीचा गाभा अर्धाअधिक थंड व्हायला दोन-तीन दिवस जातात, आणि चारी बाजूंनी गरम गोण्या टेकवल्या तर आणखी. वेळ बाजूच्या वर्गाप्रमाणे वाढतो: १०० मिमीच्या डब्यात जे एका तासात घडतं ते १ मीटरच्या गोणीत १०० तासांत. म्हणून ‘रात्रभर काही झालं नाही’ याला अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर या उदाहरणातला माल ६० च्या वर गोणीत जाऊ देऊ नये. ड्रायरनंतर पाण्याचं जॅकेट असलेला स्क्रू कन्व्हेयर लावा आणि गोणीच्या तोंडाशी नव्हे, भरलेल्या गोणीच्या मध्यात लांब प्रोब घालून तापमान नोंदवा. इन्फ्रारेड बंदूक गोणीचं कापड मोजते, गाभा नाही.

जाळीदार:

पद्धत मान्य, पण दोन बिंदूंवर रेषा ओढायची नाही. वरच्याच उदाहरणात १०० मिमीची सीमा १४३ ऐवजी १४० धरली तर गोणीचा आकडा ९३ वरून ८७ वर येतो. डब्यातली ३ अंशांची चूक गोणीत ६ अंशांची होते. किमान तीन, शक्यतो चार आकारमानं घ्या आणि प्रत्येकात ‘निसटला’ आणि ‘नाही निसटला’ यांमधलं अंतर २ केल्व्हिनपर्यंत आणा. ईएन १५१८८ या युरोपीय मानकात हीच पद्धत मांडलेली आहे.

आणि ऑक्साइडांबाबत ही रेषा सरळ राहीलच असं नाही. ती मांडणी असं धरते की कच्चा माल संपत नाही आणि वेग फक्त तापमानावर अवलंबून असतो. मॅग्नेटाइटच्या कणावर थर चढत जातो तसा वेग कमी होतो, शिवाय गोणीच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचायला वेळ लागतो. या दोन्हींमुळे खरा धोका आकड्यापेक्षा कमी निघतो. उलट बाजू ओलाव्याची. मोकळं लोखंड असलेली पावडर १०० च्या खाली दमट हवेत वेगळ्याच मार्गाने, गंजून तापते, आणि १४०-१८० ला कोरड्या ओव्हनमध्ये काढलेली रेषा तो मार्ग पाहतच नाही. मिल स्केलसाठी म्हणून मी या रेषेवर एकटीवर भिस्त ठेवणार नाही.

उष्मामापी:

बरोबर, मिल स्केलला वेगळा न्याय.

तप्तलोह:

मिल स्केलसाठी तेल आणि मोकळं लोखंड दोन्हींची कमाल मर्यादा खरेदीच्या अटीतच घाला आणि दर लॉटला मोजा. लोह, मँगनीज, कोबाल्ट, तांबं यांची ऑक्साइडं तेलाच्या ऑक्सिडेशनला उत्प्रेरक असतात. तेच तेल वाळूवर पसरलं असतं तर निवांत राहिलं असतं, या पावडरीवर ते कमी तापमानाला तापायला लागतं. त्यामुळे तेलाच्या बाटलीवरचा फ्लॅश पॉइंट किंवा स्वयंज्वलन तापमान इथे दाखवून उपयोग नाही.

यादीत नसलेल्या पण हमखास शेजारी साठवल्या जाणाऱ्या दोन गोष्टी. चुनकळी (कॅल्शियम ऑक्साइड) हवेत कधीच पेटत नाही आणि एन.४ मध्ये स्वच्छ निघते, पण पाणी लागलं की किलोला सुमारे १.१६ मेगाज्यूल सोडते. शेजारचा कागद, लाकडी पॅलेट पेटवायला तेवढं पुरतं. आणि पेट्रोलियमच्या टाकीतून खरवडलेली काळी पूड ‘गंज’ म्हणून आली तर तिला ऑक्साइड समजू नका. त्यात आयर्न सल्फाइड असतं आणि ते वाळल्यावर खरोखर आपोआप पेटतं. ती ओलीच ठेवायची.

गोदामात कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर लावून निश्चिंत होऊ नका. शुद्ध ऑक्साइडमध्ये कार्बनच नाही, तो वाजणार कसा? तेल असेल तरच वाजेल, किंवा गोणी जळायला लागल्यावर. थर्मोकपलच हवं.

बंद सायलोचा दुसरा धोका आगीचा नसून श्वासाचा आहे. १ टन मॅग्नेटाइट पूर्ण ऑक्सिडाइझ झाला तर साधारण १२५ घनमीटर हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. त्याचा थोडासा अंशही बंद जागा प्राणघातक करायला पुरतो. आत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन मीटर, तोही तळापर्यंत सोडून.

पावडरखाते:

शेवटचा प्रश्न. गोणीच्या मध्यात १२० दिसले आणि चढत असेल तर काय करायचं? पसरून टाकायची का?

तप्तलोह:

आधी ती थप्पीतून बाहेर काढा. फोर्कलिफ्टने उचलण्यापूर्वी गोणीचे पट्टे मऊ झालेत का ते बघा. पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी ताकद सोडतं. त्यामुळे शक्य तर खालून पॅलेटसकट उचला.

शुद्ध काळा ऑक्साइड असेल, मोकळं लोखंड नाही याची खात्री असेल आणि तापमान १५० च्या खाली असेल, तर उघड्यावर काँक्रीटवर १० सेंटीमीटरपेक्षा पातळ थर करून पसरणं चालतं. पातळ थर उष्णता टाकतो त्या वेगाने तयार करू शकत नाही. धूळ उडवू नका, दाताळ्याने ओढा.

मोकळं लोखंड असेल किंवा आत निखारा दिसत असेल तर पसरायचं नाही. ताजी हवा मिळताच भडका उडतो. गोणी धातूच्या झाकणाच्या पेटीत ठेवून तळातून नायट्रोजन सोडा आणि गाभा ६० च्या खाली येईपर्यंत, दिवस लागले तरी, चालू ठेवा. नायट्रोजन बंद करतानाही एकदम झाकण उघडायचं नाही. १ टक्का ऑक्सिजनपासून सुरुवात करून, गाभा १० केल्व्हिनपेक्षा जास्त चढत नाही हे बघत टप्प्याटप्प्याने २१ वर यायचं. पाणी मारू नका: तापलेलं लोखंड पाण्यातून हायड्रोजन काढतं, आणि गाभ्यात अडकलेली वाफ गरम पावडर अंगावर उडवते. नायट्रोजन नसेल तर कोरड्या वाळूने जाड झाका आणि पंधरा फुटांच्या आत दुसरी गोणी ठेवू नका.